करडईवरची पिवळी माशी



यंदा येळवशीला आम्ही बंगळूरुहून गावी गेलो होतो. आमचं गाव खजुरी, आळंद तालुक्यातलं. तुमच्यापैकी ज्यांचं मूळ लातूर, उमरगा, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यातलं आहे, त्यांना येळवस म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात: मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं घर शेतात जातं. कडब्याची कोप करून पूजा होते. मग भज्जी, उंडे, आंबील आणि खीर असं पोटभर जेवण, आणि जेवणानंतर शिवारात भटकणं.

या भटकंतीतच माझी सात वर्षांची मुलगी किंचाळली, "बाबा, मधमाशी!" करडईच्या ओळीवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक किडा हवेत जागच्या जागी थांबला होता. माझा पुतण्या टॉवेल उगारून धावला. मी त्याला थांबवलं, कारण ती मधमाशी नव्हती. ती सिरफिड माशी होती.

या माशीशी माझा एक जुना हिशोब बाकी आहे, तो आधी सांगतो.

गेल्या वर्षी काकांनी व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला होता. करडईच्या शेंड्यावर काळा मावा, आणि त्यात एक हिरवट, बिनपायाची अळी. खाली प्रश्न: "ही कशाची अळी? फवारू का?" मी मीटिंगमध्ये होतो. घाईत इंटरनेटवर शोधलं. करडईच्या बोंडात एका माशीच्या अळ्या शिरतात आणि आतून बोंड पोखरतात, एवढं वाचलं आणि लगेच कळवलं, "माशीची अळी आहे, फवारा." काकांनी फवारलं. इंजिनीअर पुतण्यानं सांगितलं म्हटल्यावर ते दुसऱ्या कुणाला विचारणार? पंधरा दिवसांत मावा परत आला, पण ती हिरवट अळी पुन्हा दिसली नाही. पुढे सवडीनं वाचलं तेव्हा कळलं की ती अळी मावा खात होती. राखणदारालाच मी मारायला सांगितलं होतं.

दोन्ही माशांच्याच अळ्या, म्हणून गोंधळ होतो. पण फरक सोपा आहे. बोंडमाशीची अळी बोंडाच्या आत असते. बोंड फोडल्याशिवाय ती दिसत नाही. सिरफिडची अळी उघड्यावर, माव्याच्या गर्दीतच असते. तिला पाय नसतात आणि तोंडाकडची बाजू निमुळती असते. मावा तोंडात धरून ती वर उचलते, आतला रस शोषते आणि रिकामं कातडं टाकून देते. कोष होईपर्यंत एक अळी असे शेकडो मावे संपवते. माशीसुद्धा अंडी घालताना मावा असलेली जागाच शोधते, म्हणजे पिल्लांची जेवणाची सोय आधीच होते.

आता मोठ्या माशीकडे येऊ. ती मधमाशी किंवा गांधीलमाशी नाही हे कसं ओळखायचं? मुलीला मी तीन गोष्टी दाखवल्या. एक, पंख. मधमाशीला चार पंख असतात, हिला दोनच. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणारे दोन बारीक दांडे असतात. दोन, मिशा. मधमाशीच्या लांब आणि कोपरात वाकलेल्या, हिच्या अगदी आखूड. तीन, डोळे. हिचे इतके मोठे की डोक्यावर दुसरं काही नाहीच असं वाटावं. हिला नांगी नसते. अंगावरचे पट्टे फक्त पाखरांना भिववण्यासाठी. नांगी नसताना नांगीवाल्याचा गणवेश घालून फिरणारी ही माशी मुलीला फार आवडली.

मी फोटो काढून मोबाइलमधल्या अॅपला विचारलं. उत्तर आलं, एपिसिरफस बाल्टिएटस. ही माशी युरोपपासून आपल्याकडेपर्यंत सगळीकडे सापडते. मी सगळ्यांना तेच नाव सांगून मोकळा झालो. रात्री फोटो मोठा करून पाहिला तेव्हा काहीतरी जुळेना. एपिसिरफसचं पोट नारिंगी असतं, आणि त्यावरच्या तिसऱ्या व चौथ्या खंडावर दोन-दोन काळे पट्टे असतात: एक जाड आणि एक बारीक मिशीसारखा. माझ्या माशीला ती बारीक मिशी नव्हतीच. तिच्या पोटावर सुरुवातीला दोन सुटे पिवळे ठिपके होते, आणि त्यामागे प्रत्येक खंडावर एकेकच पिवळा पट्टा. छातीच्या दोन्ही कडांना आखून काढल्यासारखी पिवळी रेघ होती. छाती संपते तिथला छोटा अर्धगोल तुकडाही पिवळा होता.

ही खूण इस्किओडॉन स्कुटेलारिसची. दख्खनच्या शेतात ती नेहमी दिसते. शंका उरलीच तर नराच्या मागच्या पायाच्या मुळाशी एक लहानसा काटा असतो, तो पाहायचा. त्यासाठी मात्र भिंग लागतं. नर कसा ओळखायचा? ज्याचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात तो नर.

सकाळी चहाच्या वेळी मी चूक कबूल केली. काका हसले. म्हणाले, "नाव बदललं म्हणून मावा कमी खाणार हाय का ती?"

प्रश्न बरोबर होता. शेतापुरतं पाहिलं तर दोन्ही माशा मित्रच. पण गेल्या वर्षी मी 'माशीची अळी' एवढ्यावर थांबलो म्हणूनच चुकलो होतो. पुढचा एक प्रश्न विचारला असता, "नेमकी कुठली?", तर ती फवारणी टळली असती. आमच्या कामातही कोडमधला दोष सापडल्यासारखा वाटला की घाईनं दुरुस्ती करणारा जास्त नुकसान करतो.

मग आम्ही दोघं पूर्ण शेत फिरलो. करडईचे काटे टोचून हात लाल झाले. मावा बांधाकडच्या ओळींवर जास्त होता, आत कमी. आतल्या जवळजवळ प्रत्येक मावा पडलेल्या शेंड्यावर एखादी हिरवट अळी होती. काकांनी बांधालगतची पट्टी तेवढी फवारायची ठरवलं आणि बाकीचं रान सोडलं. रोज सकाळी दहा झाडं बघून मला कळवायचं असंही ठरलं. आता ते फोटो पाठवतात तेव्हा मी मीटिंग संपेपर्यंत उत्तर देत नाही.

भारतातल्या सिरफिड माशांवरचा मोठा जुना ग्रंथ 1923 सालचा आहे. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालिकेतला तो खंड एन्रिको ब्रुनेट्टी यांनी लिहिला, आणि ते पेशानं संगीतकार होते. तेव्हा "हा आपला विषय नाही" असं कुणी म्हणू नये.

तुम्हीही बघा. बाल्कनीतल्या कुंडीत कोथिंबीर किंवा मोहरी कापून न टाकता फुलू द्या. फुलावर एखादी पट्टेवाली माशी हवेत थांबलेली दिसली तर टॉवेल उगारू नका. मुलांना हाक मारा आणि आधी पंख मोजायला सांगा.