यंत्रे वर्गात आली. शिक्षकांची तयारी कोठे आहे?

तिसरीच्या वर्गापासून कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण द्यावयाचे आणि त्याचा आरंभ २०२६-२७ या शैक्षणिक वर्षी करावयाचा, असा मनोदय मध्यवर्ती शिक्षण मंत्रालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात प्रकट केला. या कार्यातील खरी अडचण देशातील एक कोटीहून अधिक शिक्षकांपर्यंत पोहोचण्याची आहे, हेही मंत्रालयाच्या धुरीणांनी त्याच वेळी मान्य केले. ही कबुली प्रामाणिक आहे आणि तिच्याबद्दल आम्ही त्यांना दोष देणार नाही. परंतु 'पोहोचणे' या शब्दाने आमचे मन साशंक होते. परिपत्रक पोहोचते, चित्रफीतही पोहोचते. अध्यापनाची हातोटी मात्र अशी टपालाने पोहोचत नसते.

शाळेत नवे यंत्र आणण्याचा हा काही पहिलाच प्रसंग नव्हे. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर एका अमेरिकन उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. 'साइट' या नावाचा तो प्रयोग आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. त्यात जवळजवळ पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाच्या अध्यापनाचे धडे देण्यात आले. आणि विशेष हे की, योजकांनी केवळ पडद्यावर न विसंबता नभोवाणी, छापील मार्गदर्शिका आणि शिक्षकांनी स्वहस्ते करावयाचे प्रयोग यांची त्यास जोड दिली होती. साधने तुटपुंजी होती, पण विचार शाबूत होता. पुढे १९८४ साली 'क्लास' योजनेखाली सुमारे २५० शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक आले. तेव्हापासून संगणक हा एक निराळा विषय होऊन निराळ्या खोलीत जाऊन बसला. गणिताच्या वा भूगोलाच्या शिक्षकाचा त्याच्याशी काही संबंध आहे, ही जाणीव आपल्याकडे फार उशिरा झाली. पुष्कळ शाळांत ती अद्याप व्हावयाची आहे.

यंत्र दिले की शिक्षण आपोआप सुधारते, ही समजूत आपलीच आहे असेही नव्हे. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक चळवळीचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा वस्तीत झाला होता. त्याचे कौतुक चांगले झाले; पण नव्याचे नऊ दिवस सरल्यावर त्या वस्तीचे नाव कोणी काढले नाही. पेरू देशाने तर तेच काम प्रचंड प्रमाणावर केले. दहा लाखांहून अधिक लॅपटॉप तेथे वाटले गेले. ग्रामीण भागातील ३१९ शाळांची जेव्हा पद्धतशीर पाहणी झाली, तेव्हा गणित व भाषा या विषयांत मुलांची काही अधिक प्रगती झाल्याचे दिसून आले नाही. अध्यापनाच्या पद्धतीशी सांगड न घालता यंत्रे वाटल्याचा हा परिणाम, असे युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाने स्पष्ट नमूद केले आहे.

आपल्याकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे अगदीच दुर्लक्ष झाले, असे म्हणता येणार नाही. २०१७ साली 'दीक्षा' हे व्यासपीठ निघाले. २०१९ साली 'निष्ठा' ही सुमारे ४२ लक्ष शिक्षकांसाठी आखलेली योजना आली आणि महासाथीच्या काळात ती 'दीक्षे'वर गेली. आकडे मोठे आहेत. पण त्यातून घडले काय, हे कोणत्याही शिक्षकाला खाजगीत विचारावे. चित्रफीत एकीकडे चालू ठेवावी, दुसरीकडे उत्तरपत्रिका तपासाव्यात, अखेरीस बहुपर्यायी प्रश्नांवर खुणा कराव्यात आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यावे, असा हा ताकापुरता रामायणाचा प्रकार अनेक ठिकाणी झाला. याबद्दल शिक्षकांस आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. मुलांनी गाइडे पाठ करून परीक्षा द्यावी म्हणून आपण त्यांना रागावतो, आणि त्यांच्या गुरुजींना मात्र तशीच परीक्षा देतो !

मग तयारी म्हणजे तरी काय ? आम्ही काही वर्षे खडू हाती धरलेला आहे, म्हणून वर्गातलेच उदाहरण देतो. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे शिकवावयाचे आहे. फुकट मिळणाऱ्या 'जिओजेब्रा'मध्ये त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढला की कोन बदलत जातात आणि बेरीज मात्र तीच राहते. एक शिक्षक हे पडद्यावर दाखवितो, मुले 'वा !' म्हणतात आणि तास संपतो. दुसरा शिक्षक बिंदू ओढण्यापूर्वी थांबतो. हा कोन मोठा झाला तर बेरीज वाढेल की नाही, हे वहीत लिहावयास सांगतो. दोन चुकीची उत्तरे फळ्यावर मांडतो, आणि मगच बिंदू हलवितो. पुढे, हजार त्रिकोणांत असे दिसले म्हणून सर्व त्रिकोणांत असेलच कशावरून, असा प्रश्न टाकून मुलांना सिद्धतेच्या उंबरठ्यावर आणून सोडतो. यंत्र तेच, पडदा तोच. कोणती कळ दाबावी हे अर्ध्या तासात शिकता येते. केव्हा थांबावे, हे शिकावयास अनेक तास स्वतःच्या वर्गात चुकावे लागते आणि ती चूक दाखविणारा समंजस सहकारी मागच्या बाकावर बसलेला असावा लागतो.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यामागेही हेच सूत्र होते. (पुढे त्यांच्याविषयी जे वाद झाले, त्यांत आम्हास शिरावयाचे नाही.) पाठ्यपुस्तकातील पाठाला क्यूआर कोड जोडण्याची कल्पना त्यांनी आपल्या वर्गाच्या गरजेतून राबविली, आणि मग 'बालभारती'च्या पुस्तकांतून ती राज्यभर गेली. राज्यभर गेली ती चौकट. ती गरज ओळखण्याची दृष्टी पुस्तकाच्या पानावर छापता आली नाही.

शाळांतील साधने झपाट्याने वाढत आहेत. इंटरनेट असलेल्या शाळांचे प्रमाण २०२३-२४ साली ५३.९ टक्के होते, ते २०२४-२५ साली ६३.५ टक्क्यांवर गेले. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाचा मोबाइलशी सर्वाधिक संबंध कशासाठी येतो ? निरनिराळ्या संकेतस्थळांवर माहिती भरण्यासाठी, पोषण आहाराचे आकडे कळविण्यासाठी, आणि उपक्रमांची छायाचित्रे सायंकाळच्या आत वर पाठविण्यासाठी. ज्याच्या लेखी तंत्रज्ञान म्हणजे वरिष्ठांचा तगादा, त्याने ते वर्गात प्रेमाने वापरावे, ही अपेक्षा कोणत्या मानसशास्त्रात बसते ?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाकाठी किमान ५० तासांचे व्यावसायिक शिक्षण सुचविले आहे. आमच्या मते त्यांतील निम्मे तास तरी शिक्षकाच्या स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या विषयात, चालू वर्गात खर्च व्हावेत. त्यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांतील रिक्त पदे भरली पाहिजेत. ही तक्रार इतकी जुनी झाली आहे की तिची आता कोणाला लाजही वाटत नाही. यंत्रखरेदीच्या प्रत्येक निविदेतच दुरुस्तीची आणि शिक्षकांच्या या तासांची तरतूद असावी. एक कोटी शिक्षकांचा आकडा एका वर्षात गाठण्याचा हट्ट सोडून राज्याच्या शिक्षण खात्याने प्रत्येक केंद्रातील दोन शाळा निवडाव्यात, तेथे वर्षभर हा क्रम चालवावा, आणि वर्षअखेरचा अहवाल अधिकाऱ्यांनी न लिहिता त्या शाळांतील शिक्षकांकडून लिहवून घेऊन जशाचा तसा प्रसिद्ध करावा.