कॉफी गेटपर्यंत पोहोचू द्या

मार्च २०१८मध्ये माजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी चेन्नई विमानतळावर चहा मागितला, तेव्हा त्यांना गरम पाणी आणि टी-बॅग देऊ करण्यात आली. किंमत १३५ रुपये, कॉफीची १८०. त्यांनी चहा घेतला नाही आणि ही हकिकत जाहीरपणे लिहिली. ज्या शहराची सकाळ फिल्टर कॉफीशिवाय उजाडत नाही, त्या शहरातली ही गोष्ट!

पुढे खासदार राघव चढ्ढा यांनी हा विषय संसदेत मांडला आणि २१ डिसेंबर २०२४ रोजी कोलकाता विमानतळावर पहिला ‘उडान यात्री कॅफे’ उघडला. चहा १० रुपये, पाणी १०, कॉफी २०, समोसा २०. दोनच महिन्यांनी चेन्नईला असा कॅफे आला, नंतर पुण्यालाही. हे चांगलेच झाले. पण भल्यामोठ्या टर्मिनलमध्ये एखाद्या कोपऱ्यातल्या काउंटरने भागणार नाही.

‘परवडत नसेल तर घेऊ नका’ असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. विमानतळावरची प्रतीक्षा प्रवाशाने हौसेने पत्करलेली नसते. देशांतर्गत विमानाचे चेक-इन साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून लोक दोन तास आधी पोहोचतात. पहाटेचे विमान असेल तर घरी चूल पेटण्याआधीच निघतात. सुरक्षा तपासणी ओलांडली की बाहेरच्या टपरीवर जाऊन येण्याची सोय उरत नाही. सोबत म्हातारी आई असते, लहान मूल असते. अशा गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या दामाला बाजारभाव म्हणता येत नाही.

सगळा दोष काउंटरमागच्या दुकानदाराचाही नाही. विक्रीतला ठरलेला वाटा किंवा किमान हमी रक्कम, यांपैकी जे जास्त असेल ते विमानतळाला द्यायचे, अशा करारांवर ही दुकाने चालतात. तो बोजा शेवटी कपावरच पडतो. दुकाने वगैरेंतून विमानतळाला मिळणाऱ्या उत्पन्नातला ३० टक्के भाग विमानसेवेचे शुल्क कमी ठेवण्यासाठी धरावा, असे २०१६चे विमान वाहतूक धोरण सांगते. त्यामुळे या उत्पन्नाची गरज खोटी नाही. मात्र ते अत्तरांतून, घड्याळांतून, लाउंजमधून काढावे. पाणी, चहा, कॉफी आणि पोटभरीचा एखादा पदार्थ त्यातून वगळावा.

हे अशक्य नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड विमानतळावर शहरातल्यापेक्षा जास्त दर लावायला मनाई आहे. न्यूयॉर्कच्या विमानतळांवर शहरातल्या दरापेक्षा किती जास्त घेता येतील, याला मर्यादा आहे. आपल्याकडे प्रत्येक नव्या करारात, मग विमानतळ सरकारी असो वा खासगी, दोन अटी घालाव्यात: या चार वस्तूंच्या दराला मर्यादा, आणि त्या तपासणीनंतर, गेटांजवळ मिळण्याची सक्ती. जुने करार संपण्याची वाट पाहण्यापेक्षा त्या दुकानांची हमी रक्कम थोडी कमी करून हेच दर आजपासून लावता येतील.