‘गॅस संपला’ म्हणे!

एसी थंड करेनासा झाला की मेकॅनिक यायच्या आधीच घरात निदान तयार असतं. "गॅस संपला असेल." शेजारचे काका तेच म्हणतात, भावजी फोनवर तेच म्हणतात, आणि चार दिवसांनी मेकॅनिक उगवतो तोही बाहेरच्या युनिटकडे लांबून एक नजर टाकून म्हणतो, "गॅस भरा लागते भाऊ." जणू काही तो स्वयंपाकाचा सिलिंडर आहे, महिना झाला की संपणारच!

तर मंडळी, एसीतला गॅस वापरून संपत नसतो. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरून जाणारा माणूस पुढच्या मे महिन्यात पुन्हा तुमच्या दारात उभा असणार. गळती होत नाही असं नाही, होते. पण ती बहुतेकदा हळूहळू होते, थंडावा दिवसेंदिवस कमी होत जातो. काल रात्रीपर्यंत रजई घ्यायला लावणारा जुना, बिनइन्व्हर्टरचा एसी आज अचानक नुसता वारा फेकू लागला, तर पहिला संशयित कपॅसिटर. काही शे रुपयांचा, कोल्ड्रिंकच्या छोट्या कॅनसारखा दिसणारा एक डबा. माझं स्पष्ट मत असं, की असा एसी ज्या घरात आहे त्या घरात एकाला तरी हा डबा ओळखता यायला हवा, आणि काही अटी पाळून बदलताही यायला हवा. (अटी पुढे येताहेत. नातेवाइकांनी आधी पूर्ण वाचावं, मग फोन करून रागवावं.)

मला यात नवल वाटतं ते आम्हा नागपूरकरांचं. कूलर हा आमच्याकडे घरातल्या माणसासारखा असतो. होळी झाली की तो माळ्यावरून किंवा गच्चीवरून खाली येतो, जुनी ताटी काढून वाळा नाहीतर वुडवूल भरलं जातं, पंपातला गाळ काढला जातो, पत्र्याला आतून रंग मारला जातो. पंखा हाताने ढकलल्याशिवाय फिरत नसला तर "कंडेन्सर गेला" हे दहावीतला पोरगाही सांगतो आणि कोपऱ्यावरच्या वायंडिंगवाल्याकडून आणून बदलतो. हा कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर. दुकानात जुनं नाव अजून चालतं. फक्त एसीच्या बाबतीत ते वापरू नका, कारण तिथे कंडेन्सर म्हणजे बाहेरच्या युनिटमधली जाळी, आणि मग दुकानदार आणि तुम्ही दोघंही भलत्याच गोष्टीवर बोलत बसाल. तर सांगायचा मुद्दा, पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरलेलं असताना हात घालणारी आपण माणसं. खरा जीवघेणा शॉक तिथे बसतो. आणि तोच कंडेन्सर आकाराने मोठा होऊन एसीत गेला की आपण हात जोडून चार दिवस मेकॅनिकची वाट बघतो!

तो करतो काय? सिंगल फेजवर चालणाऱ्या मोटरला आपणहून कुठल्या दिशेला फिरायचं ते ठरवता येत नाही. म्हणून तिच्यात दुसरं एक वायंडिंग असतं, आणि कपॅसिटर त्या वायंडिंगमधल्या करंटची वेळ जरा पुढे सरकवतो. दोन माणसांनी झोका आळीपाळीने ढकलावा तसं मग चुंबकीय क्षेत्र फिरायला लागतं. कपॅसिटर अशक्त झाला की कॉम्प्रेसर फिरू बघतो, नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट खेचतो, ‘हूंऽऽ’ असा आवाज काढतो, आणि काही सेकंदांत ओव्हरलोड त्याला ‘टक’ करून बंद करतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. इकडे खोलीतला पंखा मजेत चालू, म्हणून आपल्याला वाटतं गॅस संपला. घाई हवी ती याचसाठी. रात्रभर असंच चालू ठेवलं तर वायंडिंग तापत राहतं, आणि काही शे रुपयांचं दुखणं कॉम्प्रेसरवर जातं.

डबा अशक्त का होतो? आत प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा थर दिलेला असतो. फिल्मला बारीकसं भोक पडलं तर तेवढ्या जागचा धातू जळून जातो आणि बाकीचा कपॅसिटर चालू राहतो. हुशार रचना आहे! पण प्रत्येक भोकागणिक क्षमता थोडी घटते. उष्णतेने हे आणखी लवकर होतं, तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं, असा ढोबळ हिशेब आहे. आणि आपण तो ठेवतो कुठे, तर मे महिन्यात गच्चीवर, पत्र्याच्या खोक्यात.

२०२४ च्या मे महिन्यात आईच्या खोलीतला एसी असाच गेला. दीड टनाचा, नऊ वर्षांचा. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर गरम. सर्व्हिसवाल्यांनी पाचव्या दिवसाची वेळ दिली आणि न बघताच फोनवर तीन हजारांचा गॅस सांगितला. युनिट आमच्याच गच्चीवर, कठड्याच्या आत, जमिनीवर ठेवलेलं. मी आधी एमसीबी पाडला, स्टॅबिलायझर बंद केला, आणि पुतण्याला एमसीबीपाशी बसवलं. कारण "अरे, लाइट गेली का?" म्हणत खटका वर करणारा एक जण प्रत्येक घरात असतोच. मग पत्रा उघडला, टेस्टर लावून वीज नाही याची खात्री केली.

आता मुख्य भीतीचं. वीज बंद असली तरी कपॅसिटरमध्ये भार उरू शकतो. एरवी तो मोटरच्या वायंडिंगमधून आपोआप निघून जातो. पण ती वाट कुठे तुटली असेल तर तो तसाच राहतो, आणि काहीतरी तुटलंय म्हणूनच तर आपण खोकं उघडलेलं असतं! म्हणून तो निघून गेलाय असं कधीच धरू नये. पुष्कळ जण स्क्रूड्रायव्हर आडवा ठेवून ठिणगी काढतात. मला ते पटत नाही. टर्मिनल जळतं, हात दचकतो. मी होल्डरमध्ये जुना पिवळा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी टर्मिनलवर टेकवल्या, आणि मग मीटरने व्होल्टेज शून्य असल्याचं पाहिलं. त्याआधी बोट लावायचं नाही. मोबाइलवर वायरींचे फोटो काढले, दोन-चार कोनांतून, आणि मग वायरी सोडवल्या.

डब्यावर लिहिलेलं ५० मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के. म्हणजे साडेसत्तेचाळीसच्या खाली गेला की बाद. मीटरने दाखवले ३१. (मीटरवर तरी आंधळा विश्वास कशाला? ३० मे २०२४ ला नागपुरातल्याच एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातम्या झाल्या. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. म्हणून नवा कपॅसिटरही त्याच मीटरवर मोजला. ४९.६.) वायंडिंगवाल्याकडे "पन्नास एमएफडी, ४४० व्होल्ट" म्हटलं की तो समजतो. घरात २३० व्होल्ट असताना हा ४४० चा का, असं भावजींनी विचारलं. कारण वायंडिंगसोबत जोडल्यावर त्याच्यावरचा दाब घरातल्या व्होल्टेजपेक्षा वर चढतो. त्यामुळे व्होल्टचा आकडा कमी चालणार नाही, जास्त चालेल. मायक्रोफॅरड मात्र तेवढेच हवेत. "साठचा टाका, जास्त ताकद" असं सांगणारा भेटला तर नमस्कार करून निघावं. शक्य तर डब्यावर आयुष्याचा वर्गही बघावा. बी वर्ग म्हणजे दहा हजार तास, ए म्हणजे तीस हजार. किमतीतला फरक फार नसतो.

जुन्याच्या एका टोकाच्या वायरी नव्याच्या एका टोकाला, दुसऱ्याच्या दुसऱ्याला. त्याला प्लस-मायनस नसतं. पट्टी घट्ट, पत्रा परत जागेवर, आणि मगच एमसीबी वर. आई त्या रात्री झोपली.

आता अटी. एसी इन्व्हर्टर असेल तर हा सगळा लेख विसरा. त्याच्या कॉम्प्रेसरला असा डबा नसतो, बाहेरच्या सर्किट बोर्डावर मोठे डीसी कपॅसिटर असतात, आणि तिथे आपलं काम नाही. वॉरंटी चालू असेल तर खोकं उघडू नका. कपॅसिटर बदलून पुन्हा महिनाभरात गेला तर दुखणं दुसरीकडे आहे, माणूस बोलवा. आणि सगळ्यात मोठी अट विजेची नाहीच. युनिट कुठे टांगलंय ती.

माझी ताई पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. तिचं युनिट खिडकीबाहेर, लोखंडी अँगलवर. तिला मी कडक शब्दांत सांगितलंय, ज्ञान डोक्यात ठेव, हात बाहेर काढू नकोस. मेकॅनिकला आल्या आल्या एवढंच म्हण, "दादा, आधी कपॅसिटर मोजा, मला आकडा दाखवा." या एका वाक्याने त्याचा सूर बदलतो. आणि त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, चांगला मेकॅनिक स्वतःच मोजून दाखवतो.

पण ताईच्या खिडकीत उभं राहून बघितल्यावर माझा मेकॅनिकवरचा राग बराच उतरला, हेही लिहायला हवं. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, भर दुपारी, एक पाय खिडकीत आणि एक पाय गंजलेल्या अँगलवर. कमरेला काही नाही. त्याला आत यायची घाई असेल तर तो बारकाईने मोजणार कधी? "गॅस संपला" हे तिथून लवकर सुटायचं वाक्यही असू शकतं. आपण पैसे वाचवायच्या गप्पा मारतो तेव्हा हा हिशेब त्यात धरत नाही.

ताईने सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, की गच्चीवर दोर अडकवायला पक्क्या कड्या बसवा आणि नवीन युनिट बाल्कनीच्या आतच लावायची सक्ती करा. खर्चाची चौकशी चालू आहे म्हणे. तोपर्यंत ती फोनवरच विचारते, पट्टा आणताय ना? पट्ट्याशिवाय आलेल्याला तिने यंदा दोनदा चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्याने आणला. कपॅसिटर ठीक होता, फक्त एक वायर सैल झाली होती.