समजूतदारपणा हा ‘स्वभाव’ नाही, काम आहे



हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी चौदा वर्षं नोकरी करते आहे. आमच्या टीममध्ये चेन्नईची टेस्टर आहे, पाटण्याचा, लातूरचा मुलगा आहे आणि फोनवर अमेरिकेतला क्लायंट. गेल्या वर्षी आमचं काम अडलं. चूक कुठे आहे ते लातूरच्या मुलाला कळलं होतं. पण इंग्रजीत अडखळतो म्हणून तो मीटिंगमध्ये गप्प बसायचा. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला बोलतं केलं, दुसऱ्या दिवशी त्यालाच मुद्दा मांडायला लावला. टेस्टर आणि मॅनेजर यांच्यातला अबोलाही मीच मिटवला. काम वेळेवर गेलं. अप्रेझलमध्ये माझ्याबद्दल लिहिलं गेलं, ‘स्वभावाने मनमिळाऊ. तांत्रिक नेतृत्व दिसत नाही.’ बढती दुसऱ्याला!

‘स्वभाव’ हा शब्द मला खुपतो. आपल्या आयांनी रुसवेफुगवे काढत घरं सांधून ठेवली, तोही स्वभावच ठरला होता.

१९८३ साली आर्ली हॉकशिल्ड यांनी हवाईसुंदऱ्यांचा अभ्यास करून सांगितलं, की नोकरीत भावना सांभाळणं हेसुद्धा श्रमच आहेत. १९९५ साली डॅनियल गोलमन यांचं ‘भावनिक बुद्धिमत्ते’वरचं पुस्तक आलं. कंपन्यांनी त्यातला ‘बुद्धिमत्ता’ हा शब्द तेवढा उचलला आणि प्रशिक्षणाचे वर्ग भरवले. ‘श्रम’ हा शब्द मात्र सोयीस्करपणे विसरला गेला, कारण श्रम म्हटलं की मोबदला द्यावा लागतो.

अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी ६९९ माणसांचे छोटे गट करून केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. गटाचं यश त्यातल्या सर्वात हुशार माणसावर फारसं अवलंबून नव्हतं. समोरच्याचं मन ओळखता येणं आणि सगळ्यांना बोलायला मिळणं, यावर ते जास्त अवलंबून होतं. बायका जास्त असलेले गट सरस ठरले, ते मुख्यतः मन ओळखण्याच्या या कौशल्यामुळे.

पण सावध राहू या. ‘टीममध्ये बाई घ्या, ती सगळ्यांना सांभाळून घेईल’ हा गौरव नव्हे, जुनाच सापळा आहे. हे कौशल्य निसर्गाने आपल्या पदरात टाकलेलं नाही. लहानपणापासून आपल्याला ते शिकायलाच लागलं. मग पुरुषांनाही शिकता येईल.

म्हणून मागणी साधी आहे. नव्या माणसाला सामावून घेणं, भांडणं मिटवणं, मीटिंगचं टिपण काढणं या कामांच्या पाळ्या लावा. अप्रेझलमध्ये त्यांना गुण द्या. मीटिंगमध्ये प्रत्येकाला बोलायची पाळी द्या.

यंदा मी टाइमशीटमध्ये लिहिलं, ‘गप्प बसलेल्या सहकाऱ्याशी चर्चा : दीड तास.’

मॅनेजरने विचारलं, “हे काय आहे?”

मी म्हटलं, “काम.”

तुम्हीही लिहायला लागा.