सोवळ्यातल्या मोटारी

१९६९ च्या शेव्हरोले कमारोचं जुनं इंजिन काढून तिथे आजचं एलएस३ आणि सहा गियरचा मॅन्युअल गियरबॉक्स बसवला, की अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एक वर्ग नाक मुरडतो. गाडी बाटवली म्हणतो. इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो की नाही, हे ही मंडळी पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींच्या गांभीर्याने तपासतात. या सोवळ्याशी माझं भांडण आहे.

ज्या परंपरेचे हे राखणदार म्हणवतात, ती परंपराच मुळी दुसरं इंजिन कोंबण्यातून जन्मली. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टियाकमध्ये जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली टेम्पेस्ट लमान्सला ३८९ घनइंचांचं इंजिन निव्वळ 'ऑप्शन' म्हणून देऊन तो चुकवला. तीच जीटीओ. पुढे १९६७ पासून पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचा डीलर डॉन येन्को कोऱ्या कमारोंमधलं कारखान्याचं इंजिन उतरवून ४२७ घनइंचांचं चढवू लागला. येन्कोच्या त्या गाड्यांपुढे आज हेच शुद्धतावादी हात जोडतात. साठ वर्षांपूर्वीची अदलाबदल पवित्र, आजची मात्र विटाळ! (पगार आणि बटाटा पोर्तुगीजांकडून घेऊन वर भाषाशुद्धीचे धडे देणारे आपल्याकडेही आहेतच.)

जुन्या आकड्यांचाही फार बाऊ केला जातो. १९७२ च्या आधी अमेरिकी कंपन्या छापत ते अश्वशक्तीचे आकडे उघड्या बाकावरच्या इंजिनाचे असत. एअर क्लीनर, सायलेन्सर, अल्टरनेटर यांचं ओझं त्यांत धरलेलं नसे. २००८ च्या कॉर्व्हेटमधल्या एलएस३ चे ४३० मात्र ते ओझं धरून आहेत, आणि त्याचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे. पुढच्या चाकांवरचा भार घटतो, ते वळणावर हातांना कळतं.

गियरबॉक्सची बाजू मी जास्त आग्रहाने मांडीन. त्या काळच्या कितीतरी गाड्यांना दोन गियरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक होता. चार गियरच्या मॅन्युअलमध्येही चौथा थेट एकास एक, त्यामुळे हायवेवर इंजिन सतत ओरडत राहतं. टी-५६ मधले पाचवा आणि सहावा हे ओव्हरड्राइव्ह. सहावा पडला की इंजिन शांत होतं, शेजारच्याशी बोलता येतं, आणि क्लच आणि दांडा पुन्हा माणसाच्या हातापायात येतात.

हे काम एका शनिवार-रविवारचं आहे असं सांगणारे थापा मारतात. टी-५६ साठी कमारोच्या तळाचा बोगदा कापून उंच करावा लागतो. ऑइल पॅन क्रॉसमेंबरला अडतं. कार्बुरेटरला पाच-सहा पीएसआय दाबाचं पेट्रोल पुरायचं, इंजेक्शनला साधारण ५८ लागतं. म्हणजे पंप नवा, नळ्या नव्या. प्रॉपेलर शाफ्ट नव्या मापाचा. आणि चारी चाकांना ड्रम ब्रेक ठेवून ४३० अश्वशक्ती बसवणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणणार नाही.

अजिबात हात न लागलेली, क्वचित उरलेली गाडी असेल तर तिला करवत लावू नका, एवढं मी शुद्धतावाद्यांना देतो. बाकीच्यांचं जुनं इंजिन तेल लावून, झाकून कोपऱ्यात ठेवता येतं.

त्यांच्या मनातलं राज्य पाहायचं असेल तर भारताकडे पाहावं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची, तर ती मूळ रूपातच हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत बदल चालत नाही. अशी गाडी मग प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला बाहेर काढता येते. रोज कामावर न्यायला नाही.