एक कथा, अनेक भाषा



हैदराबादेतील कोठी ह्या भागास हे नाव ब्रिटिश रेसिडेंटच्या भव्य हवेलीवरून पडले. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे कोठी व सुलतान बाजार परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. मराठी मंडळींनी १९०७ साली काढलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्थाही तेथून जवळच. घरात मराठी, बाजारात हिंदी-उर्दू, शेजारी तेलुगू, अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलांस एकच चित्रपटकथा दोन-तीन भाषांत सहज पाहता येते. आता मोबाइलमुळे आपल्या खेड्यांतील मुलांचीही ती सोय झाली आहे. म्हणून एका भाषेतील चित्रपट दुसऱ्या भाषेत पुन्हा बनविला जातो तेव्हा काय घडते, हे आईबापांनी जाणून घेतलेले बरे.

एक सोपे उदाहरण घेऊ. १९६४ साली तेलुगूत 'रामुडु भीमुडु' निघाला. एक भाऊ भित्रा, दुसरा धीट, दोघेही जुळे. आणि दोन्ही भूमिकांत एन. टी. रामाराव. पुढील वर्षी तमिळमध्ये तीच कथा एम. जी. रामचंद्रन यांना घेऊन आली आणि १९६७ साली हिंदीत दिलीपकुमार यांचा 'राम और श्याम' झाला. तिन्हींचे दिग्दर्शक तापी चाणक्यच. जुळ्यांच्या गमतीला गाव लागत नाही की जात लागत नाही. ती कोठेही सुखरूप पोहोचते.

ए. भीमसिंग हेही ह्या कामात मुरलेले दिग्दर्शक. आपलाच 'कळत्तूर कण्णम्मा' हा तमिळ चित्रपट त्यांनी १९६२ साली 'मैं चुप रहूंगी' ह्या नावाने हिंदीत केला. प्रभू येशूच्या जीवनावरील तेलुगू 'करुणामयुडु' (१९७८) त्यांचाच. हिंदीतील 'दयासागर' आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, तो हाच. तेथे मात्र चित्रपट नव्याने बनविलेला नाही. विजयचंदर यांचा चेहरा तोच, केवळ बोलणे हिंदी.

परंतु जी कथा एका मातीतूनच उगवते, तिचे काय? नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) सोलापूरकडील गावात घडतो. पाटलांची आर्ची व मासेमारी करणाऱ्या घरचा परश्या जातीच्या भयाने पळतात ते हैदराबादेस. तेथे भाषा परकी, खिसा रिकामा. एक कष्टकरी बाई त्यांना आसरा देते. आर्ची कारखान्यात राबते, तेलुगू शिकते. घराण्याचा तोरा गळून संसार उभा राहतो, तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. शेवटी माहेरची माणसे भेटी घेऊन येतात व दोघांचा खून करतात; मागे उरते ते तान्हे मूल.

२०१८ साली ह्याचाच हिंदी 'धडक' झाला. गावाऐवजी उदयपूर, हैदराबादेऐवजी कलकत्ता. शेवटही बदलला, तेथे पती व मूल मरतात, पत्नी जिवंत राहते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की, जातीचा उच्चार इतका दबला की श्रीमंताची मुलगी व साध्या घरचा मुलगा एवढेच उरले. देखणे आहे सारे. पण ज्या कारणासाठी खून झाला तेच पुसट झाले.

पोप बारावे पायस यांनी १९५७ सालच्या 'मिरांदा प्रोर्सुस' ह्या परिपत्रकात चित्रपटास देवाच्या देणग्यांमध्ये गणले आणि तो पारखून पाहावयास शिकविले. ही पारख घरीच सुरू व्हावयास हवी. आपण ख्रिस्ती, जातीचा प्रश्न आपला नव्हे, असे म्हणून 'सैराट' बाजूस सारणे सोपे आहे. मात्र विवाहाच्या घोषणा वाचण्यापूर्वी कित्येक पालक हळूच विचारतात, "फादर, मुलगा मूळचा कोणांपैकी?" त्याचा बाप्तिस्मा, त्याचा स्वभाव, त्याचे व्यसन ह्यांची चौकशी त्यानंतर येते, कधी येतच नाही.

लहान मुलांस 'सैराट' दाखवू नये. शेवट फार क्रूर आहे. लग्नाच्या वयाची मुले असतील तर त्यांच्यासह आईबापांनीही तो पाहावा, आणि मग 'धडक' लावून काय काय गाळले ते मुलांनाच विचारावे.