उपचार मोफत, पण मुक्काम कुठे?

मुंबई, विशेष प्रतिनिधी – परळच्या टाटा रुग्णालयाभोवतालच्या पदपथांवर वळकटी, स्टोव्ह आणि तपासण्यांच्या फायलींची पिशवी सांभाळत दिवस काढणारी कुटुंबे मुंबईकरांना नवी नाहीत. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडपासून मराठवाडा-विदर्भापर्यंतच्या खेड्यांतून आलेल्या यांपैकी अनेक कुटुंबांतील रुग्ण म्हणजे चार-पाच वर्षांचे मूल असते. बालकर्करोगावर आज प्रभावी औषधे आहेत आणि खर्चासाठी सरकारी योजनाही आहेत. तरीही काही मुले उपचार अर्धवट सोडून गावी परततात. यामागच्या कारणांत एक अगदी साधे कारण आहे, ते म्हणजे रुग्णालयाजवळ राहायला जागा नसणे. आज ही जागा प्रामुख्याने धर्मादाय संस्था देतात. हा भार त्यांनी एकट्याने किती काळ वाहायचा, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

स्मृतीतून उभे राहिलेले कार्य

मुंबईतील कर्करोग उपचारांचा इतिहासच मुळी एका स्मारकाचा इतिहास आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी न्यास स्थापन केला. त्याच वर्षी दोराबजीही निवर्तले. पुढे त्यांच्या न्यासाच्या विश्वस्तांनी पुढाकार घेतला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

रुग्णालय मोठे होत गेले, तशी बाहेरगावच्या रुग्णांची संख्या वाढली आणि निवाऱ्याचा प्रश्नही वाढला. तो सोडविण्यासाठी पुन्हा अशाच संस्था पुढे आल्या. नाना पालकर यांच्या निधनानंतर १९६८ मध्ये स्थापन झालेली स्मृती समिती परळला रुग्णसेवा सदन चालविते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांचा मोठा आधार बनली आहे. केवळ बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी २००६ मध्ये सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था मुंबईत सुरू झाली. आठ कुटुंबांपासून आरंभ झालेल्या या संस्थेची केंद्रे आता कोलकाता, दिल्ली, हैदराबाद, जयपूर, चेन्नई, गुवाहाटी अशा अनेक शहरांत आहेत. तेथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा, सामायिक स्वयंपाकघर, समुपदेशन आणि मुलांच्या शिक्षणाची सोय विनामूल्य मिळते.

निवारा हाही उपचारच

या सोयींकडे केवळ दयाभावनेतून पाहणे चुकीचे ठरेल. बालकांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारणतः दोन ते अडीच वर्षे चालतात. सुरुवातीचे काही महिने तर मुलाला वारंवार रुग्णालयात न्यावे लागते. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा साधा तापही जिवावर बेतू शकतो आणि मुलाला तासाभरात डॉक्टरांसमोर न्यावे लागते. पदपथावरची धूळ, अशुद्ध पाणी आणि उघड्यावरचे अन्न अशा मुलासाठी थेट धोका ठरतात. ज्या औषधाने मूल बरे व्हायचे, त्याच औषधाच्या काळात त्याला जंतुसंसर्गाने गाठावे, याहून मोठी शोकांतिका ती कोणती?

दुसरा प्रश्न उपचार अर्धवट सुटण्याचा आहे. सोबत आलेल्या वडिलांची मजुरी बुडते, गावी शेती पडून राहते, धाकटी भावंडे नातेवाइकांकडे असतात. दोन-तीन महिन्यांत मुलाचा ताप उतरतो, ते हसू-खेळू लागते आणि कुटुंबाला वाटते, आता बरे झाले, परत जावे. आजार मात्र संपलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. या तफावतीची जी कारणे संघटना देते, त्यांत उशिरा होणाऱ्या निदानाबरोबरच उपचार मध्येच सोडण्याचाही समावेश आहे. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाने निवास, आर्थिक मदत, समुपदेशन आणि पाठपुरावा यांची सांगड घातल्यानंतर उपचार सोडण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

योजनांतील पोकळी

महात्मा ज्योतिबा फुले जनआरोग्य योजनेतील संरक्षणाची मर्यादा २०२३ च्या निर्णयानुसार दीड लाखावरून पाच लाख रुपये झाली. आयुष्मान भारत योजनाही २०१८ पासून अस्तित्वात आहे. रेल्वे कर्करुग्णाला उपचारांच्या प्रवासासाठी स्लीपर व वातानुकूलित तृतीय श्रेणीत शंभर टक्के, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत देते. म्हणजे सरकार रुग्णाला मुंबईपर्यंत आणते आणि शस्त्रक्रिया, केमोथेरपीचाही भार उचलते. मात्र दोन केमोथेरपींच्या मधल्या दिवसांत कुटुंबाने राहायचे कुठे, याचे उत्तर या योजनांत नाही.

सरकारने प्रयत्न केला तेव्हा काय घडले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२१ मध्ये तत्कालीन गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी लालबाग परिसरातील हाजी कासम चाळीच्या जागेवरील इमारतींतील म्हाडाच्या १०० सदनिका टाटा रुग्णालयाला देण्याचा निर्णय घेतला. शरद पवार यांच्या हस्ते किल्ल्याही सुपूर्द झाल्या. स्थानिक रहिवाशांची नाराजी आमदार अजय चौधरी यांनी मांडल्यावर तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्णयाला स्थगिती दिली आणि लगोलग भोईवाड्यातील पर्यायी सदनिकांची घोषणा झाली. वर्षानुवर्षे घराची वाट पाहिलेल्या चाळकऱ्यांची बाजू समजण्यासारखी होती. पण शहराच्या विकास आराखड्यात रुग्णांच्या निवासासाठी जागा आधीच राखून ठेवलेली असती, तर रहिवासी आणि रुग्ण एकमेकांसमोर उभे ठाकले नसते.

दानाची मर्यादा

धर्मादाय संस्थांचे काम निर्विवाद मोलाचे आहे. पण त्यांच्या खोल्या मोजक्या आणि रांग मोठी असते. इमारतीवर नाव कोरण्यासाठी देणगीदार मिळतो, पण दरमहाचे वीजबिल, सफाई आणि कर्मचाऱ्यांचे वेतन यासाठी तो शोधावा लागतो. देणगीचा ओघ आटला, तर मुलाच्या उपचाराचे वेळापत्रक थांबत नाही.

यावर मार्ग आहेत. बाहेरगावच्या बालरुग्णाचा मुक्काम हा उपचाराच्या पॅकेजचाच भाग मानून योजनेतून अशा संस्थांना दर दिवसाप्रमाणे अनुदान देता येईल. नव्या कर्करुग्णालयांना मंजुरी देताना निवासाची अट घालता येईल. वाराणसीत टाटा स्मारक केंद्राची रुग्णालये २०१८ आणि २०१९ मध्ये सुरू झाल्याने तेथील रुग्णांना घराजवळ उपचाराची वाट खुली झाली. महाराष्ट्रातही विभागीय स्तरावर बालकर्करोगाचे सक्षम विभाग हवेत.

दिवंगत आप्ताच्या स्मृतीप्रीत्यर्थ परक्याच्या मुलाला छत देणे ही मुंबईची जुनी परंपरा आहे. ती जपली पाहिजेच. मात्र एखादे मूल उपचार पूर्ण करून घरी जाणार की नाही, हे धर्मशाळेत त्या दिवशी खोली रिकामी होती की नाही यावर ठरू नये. ती जबाबदारी सरकारलाच घ्यावी लागेल.